परवाच टाकलेला सेल

कुंभार पिंपळगाव, ता. घनसावंगी
एप्रिलचा तिसरा रविवार, दुपारची वेळ

आदरणीय संघपाल दाजी यांस,

नात्याने मोठे म्हणून वाकून नमस्कार, एका खोलीच्या शाळेत पुढे-मागे बसलो म्हणून पाठीत एक धपाटा, आणि या दोन्हींच्या मधोमध सप्रेम जयभीम. इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत. तिकडे जालन्यात मस्तगडला तुम्हीही सुखरूप आहात, असं संध्याताई महिन्यातून एकदा येऊन सांगते आणि चहा निवायच्या आत परतीची बस धरते, त्यामुळे सुखरूपतेचा तपशील हाती लागत नाही. गुडघा कसा आहे? दुकानातला पंखा अजून घड्याळांचे स्क्रू उडवतो, की तुम्ही पंखा बंद करून घामात काम करता? डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर विसरून बाजारभर हिंडण्याची सवय सुटली का? (ताई म्हणते, सुटली नाही. ती तुमच्याविषयी फार बोलत नाही, पण एवढं बोलली.)

पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. आमच्या पोस्टमनलाही वाटलं. माझ्या हातात साधं पाकीट बघून त्याने आवाज खाली आणून विचारलं, "कोन वारलं का गुरुजी?" कुणी वारलेलं नाही. पण तुम्ही गेल्या वैशाख पौर्णिमेला दुपारी साडेबारा वाजता (तुमच्या मनगटावर, आमच्या भिंतीवर तेव्हा अकरा पन्नास झाले होते) घरातून आणि संध्याकाळी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडलात. माझा फोन तुम्ही उचलत नाही. ताईच्या हाती निरोप दिला तर ती म्हणते, तुमचं तुम्ही बघा, मला दोन्हीकडं भाकरी थापायच्या आहेत. तेव्हा राहता राहिलं पोस्ट.

झालं ते तुम्हाला पाठ आहे. तरी एकदा कागदावर नीट मांडतो, कारण पुढे लागणार आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही हे घर बांधलं तेव्हा तुम्ही दुकानातलं सर्वांत चांगलं भिंतीवरचं घड्याळ आणलंत आणि स्वतःच्या हाताने खिळा ठोकून लावलंत. (खिळा जरा डावीकडे कलला आहे. मी कधी बोललो नाही.) पुढे ते घड्याळ मागे पडायला लागलं. मागच्या पौर्णिमेला वीसेक माणसं पंगतीत बसलेली असताना आईने वर बघितलं आणि म्हणाली, "जावई घड्याळजी, अन् घरात येळंचा पत्ता न्हाई." तुम्ही शांतपणे म्हणालात, "सेल उतरला असंल, मामी." त्यावर आई म्हणाली, "सेल परवाच टाकलाय, माझ्या हातानं." आणि कुणी विचारलेलं नसताना पुढे जोडलं, "दुकानात खपत नसंल, ते दिलं आणून." तुम्ही खिरीची वाटी अर्धी ठेवलीत आणि चपला घातल्या. वीस माणसांसमोर एका घड्याळजीचं निदान त्याच्याच सासूने खोटं पाडलं, यानंतर चपला घालण्यावाचून माणसाने काय करावं, हे मलाही सुचलं नसतं.

आता पुन्हा पौर्णिमा तीन आठवड्यांवर आली आहे. तुम्ही येणार का, असं आई विचारत नाही. ती फक्त खिरीला तांदूळ किती घ्यायचे हे विचारते. मी आकडा सांगितला की म्हणते, "अन् एक वाटी जास्तीची धरली तर?" हा संवाद या आठवड्यात चार वेळा झाला आहे.

पण ते असो. हे पत्र त्याबद्दल नाही. हे पत्र वापरून झालेल्या सेलांबद्दल आहे.

जानेवारीत आमच्या शाळेत एक माहितीपत्रक आलं. घराघरांतले संपलेले सेल गोळा करावेत, गावाला समजावून सांगावं, आणि जमलेला माल जालन्याला औद्योगिक वसाहतीतल्या गोळा करणाऱ्या केंद्रात पोचवावा. शाळेत विज्ञानाचे शिक्षक दोन. एकाकडे गणवेशाचं काम, दुसऱ्याकडे पोषण आहाराची खिचडी रोज प्रथम चाखण्याचं. त्यामुळे हा वैज्ञानिक विषय आपोआप संस्कृतकडे आला. आमचे मुख्याध्यापक सोमेश्वर सर म्हणाले, "राजानंद सर, मेलेल्या गोष्टींची सवय तुम्हालाच." मी हसलो नाही. त्यांनीही विनोद केलेला नव्हता. (तुम्हाला आठवत असेल, मी संस्कृत घेतलं तेव्हा तुम्ही भर चौकात विचारलं होतं की आपल्या आळीत हे शिकून तू कोणाची लग्नं लावणार? आज उत्तर देतो: लग्नं नाही लावली, सेलांचं अंत्यकर्म मात्र माझ्याकडे आलं.)

माहितीपत्रक चांगलं होतं, मी दोनदा वाचलं. सेल उकिरड्यात टाकू नये, पुरू नये, जाळू नये, फोडू नये. आतला मसाला आणि धातू मातीत उतरतात, मातीतून विहिरीत. त्याऐवजी कोरड्या प्लॅस्टिकच्या बरणीत साठवून केंद्रात द्यावे. पुढे कारखान्यात त्यातलं जस्त, पोलाद, मँगनीज वेगळं काढून पुन्हा कामाला लावतात. इथवर ठीक. पण "फोडू नये" या दोन शब्दांपाशी मी थांबलो, आणि का थांबलो ते या पृथ्वीवर फक्त तुम्हाला कळेल. पंधरा ऑगस्ट जवळ आला की फळा काळा करायचा, त्यासाठी गुरुजी आपल्याला गावभर मेलेले सेल गोळा करायला पाठवायचे. तुम्ही सहावीत, म्हणून दगड तुमच्या हातात. मी चौथीत, म्हणून सेल धरायचं काम माझं. उंबऱ्यावर ठेचून काढलेली ती काळी भुकटी कसल्याशा पाल्याच्या रसात कालवून आपण फळ्याला फासायचो. आठवडाभर हात काळे, आणि त्याच हातांनी भाकरी. मधली कोळशाची कांडी तुम्ही ठेवून घ्यायचा आणि तिने शाळेच्या भिंतीवर "राजानंद रडका" असं लिहायचा. माहितीपत्रक बरोबर असेल तर आपण दोघंही तेव्हापासूनच घातक कचऱ्यात मोडतो आणि आपली विल्हेवाट वेगळी लावायला हवी. पण त्या फळ्यासारखा काळाभोर फळा मी पुन्हा पाहिला नाही. त्यावर गुरुजींनी लिहिलेलं पहिलं सुभाषित अजून डोळ्यांपुढे आहे, आणि मला वाटतं मी संस्कृत घेतलं ते त्या काळ्यापायी. तुम्हीही सेल उघडून आत काय आहे ते बघता बघता घड्याळजी झालात. म्हणजे आपल्या दोघांचं भलं त्याच पापातून झालं. हे मी मुलांना सांगितलं नाही.

मग मी लोणच्याची मोठी बरणी आणली, धुतली, वाळवली आणि शाळेच्या व्हरांड्यात ठेवली. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं: "निर्जीव विद्युत्कोष येथे समर्पित करावेत." खाली मुलांना पाठ करायला एक अर्धा श्लोकही रचला:

न गर्ते निक्षिपेत् कोषं न चुल्ल्यां न गवां पुरः ।

(सेल खड्ड्यात टाकू नये, चुलीत घालू नये, गाईंपुढे फेकू नये. उरलेला अर्धा अजून सुचलेला नाही. वृत्तात "पुनर्वापर" बसत नाही.) आठवड्याने बरणी उघडली. आत एक विझलेली उदबत्ती, तिघांचे घरकुलाचे अर्ज, हातपंप दुरुस्त करण्याविषयी एक निवेदन आणि एक निनावी तक्रार निघाली. तक्रार अशी की संस्कृतचे सर मार्क फार आखडते हाताने देतात. अक्षर ओळखीचं होतं. मार्क वाढवले नाहीत. सेल एकही नव्हता. सोमेश्वर सरांनी माझी पाटी काढली आणि स्वतः लिहिलं: "संपलेले सेल इथं टाका." (त्यांनी आधी "बॅटऱ्या" लिहिलं होतं, पण आपल्याकडे बॅटरी म्हणजे टॉर्च, आणि ती कोण टाकणार?)

यानंतर सेल आले. आठवडी बाजाराच्या दिवशी तर पोतडीने आले. बरणी अर्धी झाली. मी समाधानाने घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर पाव. तिसऱ्या दिवशी पुन्हा अर्धी, चौथ्या दिवशी तळ. प्रथम वाटलं, आपली नजर. मग मोजून ठेवू लागलो तर नजर साफ होती. जमलेले सेल लोक घेऊन जात होते. दाजी, आपल्या घरात पुनर्जन्म कुणी मानत नाही, पण सेलाचा सगळं गाव मानतं. पेन्सिल सेल बॅटरीत मेला की दोन दिवस उन्हात ठेवायचा, म्हणजे तो रेडिओत जन्म घेतो. रेडिओ खरखरायला लागला की पुन्हा ऊन, मग टीव्हीच्या रिमोटमध्ये. तिथे एकेक बटण तीनतीनदा दाबावं लागलं की भिंतीवरच्या घड्याळात. घड्याळ ही शेवटची योनी, त्यापुढे मोक्ष. आता ज्याचा सेल बॅटरीत मेला त्याने तो बरणीत टाकावा आणि ज्याच्या घड्याळाला हवा त्याने उचलून न्यावा, अशी बिनबोभाट व्यवस्था लागली होती. मी सेल गोळा करायचं केंद्र उघडलं होतं. गावाने त्याचं वाचनालय केलं. शाळेच्या कुंपणभिंतीवर रोज सकाळी पंधरा-वीस सेल ओळीने ऊन खात पडलेले असायचे, पापडांसारखे. मधल्या सुट्टीत कुणीतरी येऊन ते उलटेही करायचं.

माझा संशय रखमाजीवर. रखमाजी म्हणजे आमच्या घरामागचा शेतकरी. रानडुकरांपायी त्याला बॅटरी लागते आणि रेडिओशिवाय त्याची म्हैस पान्हवत नाही, असं तो सांगतो. मी जालन्याहून एक मीटर आणवला, प्रत्येक सेल तपासला आणि जाहीर केलं की काटा इतक्याच्या खाली असेल तो सेल मेला. रखमाजीने मीटरकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "गुरुजी, आमच्या बापाला जालन्याच्या डॉक्टरनं दोनदा मेला म्हून सांगितलं व्हतं. त्येच्यानंतर त्यो अकरा वर्सं भांडला." मी श्लोक म्हणून दाखवला. त्याने तो हात जोडून ऐकला. "मंतर झ्याक हाय. पर ह्येच्यानं सेल चार्ज व्हतो का?" मी म्हटलं, चार्ज होण्याचा प्रश्नच नाही, हे सेल चार्ज करायचेच नसतात, तसं केलं तर फुटतात. तो म्हणाला, "मंग मंतर कशाला?"

शेवटी एका सकाळी मी प्रार्थनेच्या वेळी, सर्वांदेखत, कुणाचं नाव न घेता पण रखमाजीच्या दिशेने बघत (तो कुंपणापलीकडे म्हैस घेऊन उभा होता) चौर्यकर्मावर चार वाक्यं बोललो. भाषण चांगलं झालं. ते संपल्यावर रखमाजी म्हशीसकट आत आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "गुरुजी, माजा नंबर तिसरा-चौथा लागतो. पैला नंबर तुमच्या मायचा. कौसल्याकाकू पहाटंच येऊन चांगले चांगले निवडून गेल्त्या. आम्हाला गाळ राह्यतो." सोमेश्वर सरांनी राष्ट्रगीत पुन्हा एकदा घ्यायला सांगितलं.

घरी गेलो. आईच्या बाजेखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. झाकण उघडलं तर आत पुठ्ठ्याचे कप्पे करून सेल लावलेले, आपल्या गावच्या ग्रंथालयातही नाही अशी वर्गवारी. हे बॅटरीतून उतरलेले, हे रेडिओतून, हे रिमोटचे, आणि शेवटच्या कप्प्यात, ज्यांच्यात मीटरला काहीच सापडलं नाही ते "घड्याळाचे". दोन सेल फुटून पांढरंहिरवं पीठ बाहेर आलं होतं. ते मी हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून वेगळे काढले. (पत्र्याच्या डब्यात सुटे सेल ठेवू नयेत, टोकं एकमेकांना लागून तापतात. हा माहितीपत्रकाचा पाचवा मुद्दा. आईला वाचून दाखवला. तिने विचारलं, "ह्ये लिहिणाराच्या घरी डबा न्हाई का?")

मग मी स्टूल घेतलं आणि तुमचं घड्याळ भिंतीवरून उतरवलं. मागचं झाकण उघडलं. दाजी, तुम्ही असतात तर तुमचं भिंग कपाळावरून आपोआप डोळ्यावर आलं असतं. आत जो सेल होता तो घराच्या वास्तूपेक्षा जुना असावा. सेलाला टेकणाऱ्या पट्टीवर तेच पांढरं पीठ चढलेलं. गेली चार वर्षं तुमचं घड्याळ याच खुराकावर चाललेलं होतं. पहिला नवा सेल, जो तुम्ही स्वतः बसवून दिला होतात, तो आईने तिसऱ्याच दिवशी काढून बॅटरीत घातला, का, तर "बॅटरीला दिसाया लागतं. घड्याळाला काय, भिंतीवर बसून तर राह्यतं." त्यानंतर घरातल्या सर्वांचं खाऊन झाल्यावर जे उरेल ते घड्याळाला, जुन्या काळच्या सुनेसारखं. अशा अन्नावर ते दिवसाकाठी एखाद-दोन मिनिटंच मागे पडत होतं. एवढी सोशिक वस्तू मी तरी दुसरी पाहिली नाही.

म्हणजे निवाडा असा. तुम्ही म्हणालात सेल उतरला असेल, ते खरं. आई म्हणाली सेल परवाच टाकलाय, तेही खरं; आई खोटं बोलत नाही हे तुम्हीही मानता. तिने तो परवाच टाकला होता. तो कोणत्या सालचा आहे, हे वीस माणसांत कुणीही विचारलं नाही, आणि मी न्यायशास्त्राची परीक्षा दिलेला माणूस पंगतीत आमटी वाढत होतो.

मी पट्टी लिंबाच्या रसाने हलकेच पुसली, कोरडी केली, दुकानातून आणलेला कोरा सेल आईसमोर वेष्टन फोडून बसवला. काटा चालू झाला. तीन दिवस तिने ते घड्याळ फोनशी, रेडिओच्या बातम्यांशी आणि सकाळच्या जालना गाडीच्या भोंग्याशी ताडून पाहिलं. चौथ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "घड्याळ बराबर हाय." मी गप्प राहिलो. अशा वेळी गप्प राहणं हे मी तुमच्याकडून शिकलो. थोड्या वेळाने तव्याकडे बघत म्हणाली, "मंग त्यानं तवाच उघडून दावायचं व्हतं." मी म्हटलं, दाखवणार होते, तूच म्हणालीस परवा टाकला. "मंग? म्या खोटं बोलले का?" नाही, म्हटलं. "दुकानात खपत नसंल म्हनले, ते जरा ज्यादा झालं," ती म्हणाली, आणि भाकरी उलटली. ती भाकरी करपली होती. ती आता पंचाहत्तरीची, पण तिची भाकरी करपलेली मला आठवत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

त्या दिवसापासून डबा तिने स्वतः माझ्या हवाली केला, आणि पहाटे बरणीवर राखणीला बसते ती तीच. रखमाजीने सेलाला हात लावला की म्हणते, "ठीव. मेलेल्याला मेलं म्हनावं, न्हाईतर घरात भांडनं लागतात." मागचे तीन दिवस आम्ही दोघं बटणाएवढ्या सेलांच्या आणि मोबाइलच्या जुन्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावत बसलो आहोत. (ती एका तुकड्यात दोन उरकते. सवय एकदम जात नाही.) यावरून आठवलं. तुमच्या काउंटरखाली श्रीखंडाच्या डब्यात मनगटी घड्याळांचे काढलेले सेल खच्चून भरलेत, असं ताईकडून कळलं. चेष्टा बाजूला ठेवून सांगतो: नात आता रांगते आहे, तो डबा आजच उंचावर ठेवा. ते बटण पोटात गेलं तर वाट बघायची नसते, उपाय घरी करायचे नसतात, सरळ दवाखाना गाठायचा असतो. एवढं एक वाक्य पत्रात गंभीर आहे, ते गंभीरपणे घ्यावं.

आता मुद्द्याचं. बरणी गळ्यापर्यंत भरली आहे आणि ती जालन्याला जायला हवी. एसटीने नेऊ म्हटलं, तर कंडक्टरने आत काय आहे विचारलं. मी सवयीने खरं सांगितलं. त्याने मला उतरवलं, आणि बरणीला माझ्या आधी. रखमाजीचं वाहन म्हणजे बैलगाडी. तेव्हा आईनेच, मी काही सुचवलेलं नसताना, सुपारी कातरत सुचवलं, "संघपालकडं गाडी हाय की." आपण पौर्णिमेच्या आदल्या दिवशी व्हॅन घेऊन यावं, रात्री मुक्काम करावा (ताईसह, तिलाही एकदा चहा निवेपर्यंत बसू द्या), दुसऱ्या दिवशी जेवावं आणि निघताना बरणी तेवढी न्यावी. बरणीसाठीच बोलावतो आहे. दुसरा कोणताही हेतू नाही. केंद्र मस्तगडहून फार लांब नाही, आणि श्रीखंडाचा डबाही त्याच खेपेत देता येईल. जड आहे, दोन माणसं लागतील. चौथीतल्या मुलाप्रमाणे मी धरीन. उचलायचं काम तुमचं.

नातीला गोड पापा, ताईला सांगा आईची पाठ आता बरी आहे. लोभ उतरला असेल तर दोन दिवस उन्हात ठेवून पाहावा, ही विनंती.

आपला मेहुणा आणि एकेकाळी भिंतीवरचा रडका,
राजानंद

ता. क. पाकीट दोन दिवस टेबलावरच राहिलं. दरम्यान सोमेश्वर सरांनी शाळेच्या कामाने जालन्याला जाणारी जीप मिळवली आणि बरणी काल केंद्रात रीतसर जमा झाली. पोचपावती माझ्याकडे आहे. म्हणजे तुमच्या व्हॅनची आता गरज उरली नाही. पण वरचा मजकूर खोडत बसलो नाही, अक्षर बरं आलं आहे. व्हॅन रिकामी आणली तरी चालेल.

ता. क. दुसरा. तांदळाचा प्रश्न आज पाचव्यांदा निघाला. मी म्हटलं, धर एक वाटी जास्तीची. ती म्हणाली, "म्या कवाच धरलीय."

ता. क. तिसरा. हे पाकीट चिकटवता चिकटवता लिहितो. आज सकाळपासून घड्याळ पुन्हा बंद आहे. घाबरू नका, दोष घड्याळाचा नाही. झाकण उघडलं तर आत सेलच नव्हता. तो आईच्या बटव्यात आहे, अडकित्ता, पेटीची चावी आणि सुट्या नाण्यांबरोबर. विचारलं तर म्हणाली, "ज्यानं घड्याळ दिलं त्यानंच येऊन टाकावा. कोरा हाय म्हनावं, आधी बघून घे, मंग टाक, पंगतीत सगळ्यांम्होरं." तोवर या घरात वाजले किती, हे कुणाला कळायचं नाही. आता माहितीपत्रकाचा सहावा मुद्दा असा आहे की कोरा सेल चाव्या आणि नाण्यांबरोबर ठेवू नये. दोन्ही टोकं जोडली गेली की तो तापतो. मी तिला तो मोठ्याने वाचून दाखवला. तिने बटव्याची नाडी आणखी आवळली. तेव्हा केवळ सुरक्षिततेच्या कारणास्तव, पौर्णिमेची वाट न बघता, लवकर यावे.